आजोबांसाठी घर हवंय

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आश्रमाचं छप्पर वादळात उडालं आणि सोशल मीडियावरून मदत मागायचं काम सेक्रेटरीणबाईंच्या गळ्यात पडलं. आश्रमातल्या सगळ्यात थकलेल्या कुत्र्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. बाईंनी त्याच्यावर काळजाला हात घालणारा मजकूर लिहिला, फोटो जोडला, बटण दाबलं आणि त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

परत आल्या तर फोन टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकला होता. नणंद होती.

“वहिनी, दादा जड झाला होता तर मला सांगायचं! परक्यांच्या दारात कशाला टाकतेस?”

बाईंनी घाईघाईने चष्मा लावला. फोटोत कुत्रा नव्हताच. सोफ्यावर बनियनमध्ये, आ वासून झोपलेले त्यांचे यजमान होते. ‘मी घोरतच नाही’ म्हणतात म्हणून सकाळी पुराव्यासाठी काढलेला फोटो! आणि खाली मजकूर : ‘हे आमचे आजोबा. दात चारच उरलेत, ऐकू कमी येतं, पण स्वभाव गरीब. चावत नाहीत. नसबंदी झालेली आहे. मऊ जेवण आणि कानामागे खाजवायला मायेचा हात हवा. दत्तक घ्या, नाहीतर छपरासाठी मदत करा.’

बाई फोटो काढून टाकणार, तोच आश्रमाच्या डॉक्टरांचा फोन.

“बाई, हात लावू नका! लोक नुसते तुटून पडलेत. अर्ध्या छपराचे पैसे जमलेसुद्धा!”

“अहो डॉक्टर, तो माझा नवरा आहे!”

“असू दे हो. अजून अर्धं बाकी आहे.”

इतक्यात यजमान लालबुंद होऊन घरात शिरले.

“त्या औषधवाल्याने माझ्या कानामागे खाजवलं! चारचौघांत!”

“बरं वाटलं का?” बाईंच्या तोंडून निसटलं.

“आणि ती नसबंदीची ओळ?”

“ती कुत्र्याची आहे हो!”

“लोकांना माझी वाटतेय! आण तो फोन.”

फोन हिसकावून त्यांनी बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. “‘किती निरागस चेहरा,’” ते खालच्या प्रतिक्रिया वाचू लागले. “‘मी यांना रोज फिरायला नेईन.’ ‘आमच्याकडे बाग आहे, रमतील.’” त्यांचा आवाज मऊ झाला. “इतक्या वर्षांत तू मला कधी निरागस म्हणालीस? हिच्याकडे बागसुद्धा आहे.”

संध्याकाळपर्यंत छपराचे पैसे पुरे झाले. बाईंनी खरं काय ते सांगून जाहीर माफी मागितली, खऱ्या आजोबांचा फोटो टाकला आणि त्यांनाही घर मिळालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पुन्हा फोन. “बाई, आता कुंपणाचं बघू या. ते कालचे काका कुठे गेले, असं लोक विचारताहेत.”

बाई दबकत बाहेरच्या खोलीत आल्या. यजमान गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात, हनुवटी वर करून बसले होते.

“काढ फोटो,” ते म्हणाले.

“छे! असा तजेलदार माणूस बघून कुंपण कोण देईल? जरा केविलवाणे व्हा बघू.”

यजमान झाले. इतके हुबेहूब झाले, की बाईंनी फोन बाजूला ठेवला आणि आधी त्यांना चहा करून दिला.