कांबळेबाई आणि दोन बाटल्या

कांबळेबाईंच्या घरी गेलेल्या माणसाला पाणी, चहा, बिस्किट यांतलं काहीही मिळण्याआधी एक नळी मिळते. नळीच्या टोकाचा डबीएवढा भाग स्पिरिटनं पुसून बाई आपल्या हातात देतात आणि म्हणतात, "तोंडात धरा. ओढा."

आपण श्वास ओढतो. बाई डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात. मतदारयादी तपासायला आलेल्या एका मॅडमना त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही श्वास अर्ध्यात सोडता. घरी कुणी बोलू देत नाही का?" त्या मॅडम यादी विसरून अर्धा तास बसल्या. सोसायटीच्या चेअरमनना नुसतं "हं" म्हणाल्या, तर ते दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढून आले.

बाई येरवड्यात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. उभा जन्म त्यांनी हडपसरच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह आणि दाबमापकं तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर कुणीतरी समुद्रात बुडी मारणाऱ्याला बाटलीतली हवा देणारा रेग्युलेटर दुरुस्तीला आणून दिला. तो सुधारला, तसा दुसरा आला. आता मालवणपासून पाणबुड्यांचे रेग्युलेटर एसटीनं येरवड्याला येतात. ज्या मसाल्याच्या डब्यात इतरांकडे हळद-मोहरी असते, त्यात बाईंकडे मापवार लावलेल्या रबरी कड्या असतात. हळद कुठे असते ते मला अजून कळलेलं नाही.

मी कोथरूडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवल्यावर एकदा त्याच्या आत जाऊन यावं असं वाटलं. तलावात बुडी मारायला शिकलो. स्वभाव भित्रा, म्हणून पाठीवरच्या हवेच्या मोठ्या बाटलीबरोबर कडेला एक छोटी जादा बाटली न्यायचं ठरवलं. दोन बाटल्यांना दोन रेग्युलेटर हवे. मोठीसाठी चांगला घेतला, छोटीसाठी ऑनलाइन स्वस्तातला मागवला आणि दोन्ही तपासायला बाईंकडे गेलो.

"बाटलीतला दाब म्हणजे संतापलेला माणूस," बाई समजावू लागल्या. "बाटलीवर बसतो तो पहिला भाग त्याला शांत करतो. तोंडात असतो तो दुसरा भाग त्याला तुमच्याशी नीट बोलायला लावतो. आता ओढा."

चांगल्यातून श्वास सहज आला. स्वस्तातल्यातून ओढताना माझे गाल आत गेले.

"हा कशाला?"

"जादाचा आहे, बाई. वेळ पडली तरच."

"म्हणजे सगळं ठीक असताना चांगला, आणि जीव घाबरा झाला की हा?" बाईंनी तो स्वस्तातला दोन बोटांनी उचलून माझ्या पिशवीत टाकला. "सर, घाबरलेला माणूस जास्त हवा मागतो. त्याला देणारा हात मोठा हवा. दुसरा पहिल्याच्या तोडीचा घ्या. आणि चकाकी बघू नका, सुटे भाग मिळतात का ते बघा."

त्यांचं सगळं घरच या न्यायानं चालतं. दाराला दोन बेल, नाकावर एक चष्मा आणि केसात एक. सरबत गाळायच्या गाळण्यासुद्धा दोन. "पहिल्यावर जगावं आणि दुसऱ्यावर भरवसा ठेवावा," असं म्हणतात.

मी निमूट दुसरा रेग्युलेटर घेतला. बाईंनी दोन्ही उघडले, धुतले, जोडले, बादलीत बुडवून बुडबुडे बघितले. मग सूचना सुरू झाल्या. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात धुवायचा. बाटलीवरून काढल्यावर पहिल्या भागाच्या तोंडावरची टोपी आधी कोरडी करून लावायची. पाण्यात भिजत असताना दुसऱ्या भागावरचं मधलं बटण दाबायचं नाही. वाळूत ठेवायचा नाही. रविवारी मालवणला माझी समुद्रातली पहिली बुडी ठरली होती. निघताना दारात म्हणाल्या, "रविवारी वर आलात की एक मेसेज टाका. रेग्युलेटर कसा चालला ते मला कळायला हवं."

रविवारी सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मी सगळा साज चढवला. फोटो काढायचा म्हणून मोठ्या बाटलीचा रेग्युलेटर क्षणभर वाळूत टेकवला.

नावेतून आत जाऊन खाली गेल्यावर आधी सगळं स्वर्गासारखं होतं. मग श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात येऊ लागलं. झटकून पाहिलं, पुन्हा आलं. ठसका लागला, छातीत धडधड सुरू झाली, आणि भूगोलाचा जन्मभराचा अभ्यास एका क्षणात निरुपयोगी ठरला. हात आपोआप छोट्या बाटलीच्या नळीकडे गेला. दात लावले, ओढलं. कोरडा, भरभरून श्वास आला. माझ्याबरोबरच्या प्रशिक्षकानं दंड धरला आणि आम्ही सावकाश वर आलो. नावेत मी इतका खूश होतो, की सगळ्यांना दोनदा गोष्ट सांगितली. किनाऱ्यावर येऊन सुरमई खाल्ली आणि झोपलो.

सोमवारी दुपारी पुण्यात उतरून थेट येरवड्याला गेलो. बाईंनी दार उघडलं.

"मालवणात रेंज नाही?"

"आहे."

"मग?"

"विसरलो, बाई."

"छान." त्या वळल्या. नळी दिली नाही. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. छोट्या बाटलीशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिला श्वास कसा आला?" मी सांगितलं. "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मोठ्या बाटलीचा रेग्युलेटर उघडला, आतल्या रबरी पडद्याखालून चिमट्यानं वाळूचा कण काढला आणि माझ्यासमोर धरला. "हा घ्या तुमचा फोटो."

तेवढ्यात शेजारच्या पाटोळेवहिनी आमटीचं पातेलं घेऊन आत आल्या. मला बघून थबकल्या. "हेच का ते समुद्रातले सर? आले ना वर? बाई, आता तरी जेवा. काल दुपारपासून नुसत्या चहावर आहेत हो या."

"पित्त झालंय मला," बाई म्हणाल्या.

"कुणी समुद्रात गेलं की होतं," वहिनी मला म्हणाल्या, आणि पातेलं ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

बाई उगाच चिमटा पुसत राहिल्या. मग उठल्या, गॅस पेटवला, परातीत पीठ घेतलं.

"हात धुवा. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो."

पहिली भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली. आमटी झकास होती. बाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"परत कधी जाणार समुद्रात?"

"दिवाळीच्या सुट्टीत."

"त्याआधी दोन्ही आणून द्या."

"आणतो."

बाई ताटात बोटं फिरवू लागल्या.

"तशी दिवाळी लांब आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मधे आलात तरी चालेल. रेग्युलेटर नसले तरी."