दत्तूकाका आणि बिनमुखवट्याचा गोली

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळात कुणी दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडलं, की दत्तूकाका साने खिशातून शिट्टी काढून वाजवत आणि त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर धाडत. "पेनल्टी! दोन मिनिटं बाहेर!" आइस हॉकीत नियम मोडणाऱ्याला असंच बसवतात म्हणे. एकदा गणपतीत आरतीची दोन कडवी गाळून मोदकांकडे निघालेल्या प्रेसिडेंटसाहेबांनाच त्यांनी बसवलं. साहेब सुटेपर्यंत मोदक संपले होते.

काका पन्नासच्या दशकात इंजिनिअरिंग शिकायला आले, तेव्हा जवळच्या डेट्रॉइटच्या आइस हॉकी संघाचा एक सीझन त्यांनी पाहिला. पुढे नोकरी, लग्न, घर, रिटायरमेंट, सगळं यथास्थित झालं. पण जगात बघण्यासारखं म्हणाल तर तेवढंच, असं त्यांचं मत.

मी ऐंशीच्या दशकात पीएचडीला आलो आणि पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. काकांनी माझ्याच ताटात मॅच मांडली. भाताचा ढीग म्हणजे गोल, त्याच्यापुढे लोणच्याची फोड म्हणजे गोल राखणारा गोली.

"तोंडाला मुखवटा नाही! दात पडलेत, टाके घातलेत, आणि गडी उभा!"

"काका, हा बटाटा खाऊ का?"

"थांब रे, तो पास देतोय."

"यांच्याशी लग्न झालं की त्या गोलीशी, हे मला अजून कळलेलं नाही," सुधाकाकू कढी वाढत म्हणाल्या.

त्या वेळी म्हणे प्रेक्षक आनंदाने बर्फावर ऑक्टोपस फेकत. काका अंडंही न खाणारे. पण ऑक्टोपसचं वर्णन करताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात माझे वडील गेल्याचा फोन आला. "पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, येऊ नकोस," भाऊ म्हणाला. मित्र डबे आणायचे, हळू आवाजात बोलायचे. मला रडूच येईना.

त्या शनिवारी दुपारी काका दारात. "कोट घाल. मॅचला जायचंय."

गाडीत काकू होत्या. "अहो, सुतकात मॅच?"

"हो."

काकूंना वाटेत मैत्रिणीकडे सोडून आम्ही युनिव्हर्सिटीच्या बर्फाच्या रिंकवर गेलो. खेळ सुरू होताच काका उठून पंचावर शुद्ध मराठीत ओरडले, "डोळे फुटले का रे तुझे?"

मग मला म्हणाले, "ओरड."

"मला नियम कळत नाहीत."

"इथे कुणाला कळतात? ओरड!"

मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि मी हमसून रडायला लागलो. आजूबाजूला सगळेच बोंबलत होते, माझ्याकडे बघणार कोण? काकाही बघत नव्हते.

"त्या सीझनला माझी आई गेली," बर्फावरची नजर न हलवता ते म्हणाले. "मला कळलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता. घरमालक म्हातारा, अबोल. त्याने माझा कोट माझ्या हातात दिला आणि मॅचला घेऊन गेला. मग हिवाळाभर नेतच राहिला."

"काकूंना माहीत आहे?"

"मॅचचं सांगतो की," काका म्हणाले, आणि उभं राहून त्यांनी पुन्हा पंचाचा उद्धार सुरू केला.