मामीच्या हातचं कॉकटेल

आमच्या सुमनमामीनं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. पण नागपूरच्या विमानतळावर तिच्या हातचं कॉकटेल पिऊन तृप्त झालेली माणसं आज देशभर पसरलेली आहेत. त्यातले एक टायवाले साहेब तर ग्लास संपल्याशिवाय विमानात चढायला तयार नव्हते. त्यांच्या नावाचा पुकारा झाला, दोनदा झाला, आणि साहेब आपले मामीला विचारून राहिले, “आंटी, इसमें डाला क्या है?”

मामी म्हणाली, “घर का है, बेटा. जाव तुम.”

मामी पांढुर्ण्याच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. आता रिटायर झाली. सुती साडी, घट्ट अंबाडा, गुरुवारचा उपास. तिची लेक रश्मी बंगलोरला असते आणि अधूनमधून विमानाची तिकिटं पाठवते, मामीचं एक आणि माझं एक. कारण मामी एकटी विमानात बसत नाही. “वर काही झालं तर मी मराठीत कोणाले सांगू?” म्हणते. मग सौसरचं माझं खताचं दुकान बंद ठेवून मी निघतो. भाचा कशासाठी असतो, बावा!

विमानतळावर बँकेचं कार्ड दाखवलं की एका मऊ सोफ्यांच्या हॉलमध्ये सोडतात. तिथं खाणंपिणं मांडलेलं असतं. पहिल्या वेळी मामीनं तो हॉल पाहिला आणि जागीच थांबली. एसीचा गारवा, कुठून तरी झिरपणारं संगीत, काचेपलीकडं उन्हात झोपाळल्यासारखी सरकणारी विमानं. कोणी मोठ्यानं बोलत नाही, कोणी कोणाला उठ म्हणत नाही. “विन्या, इथं तर घड्याळबी हळू चालून राहिलं,” ती म्हणाली. मला वाटलं, आता ही पोहे घेईल आणि डुलकी काढेल. कसचं काय! तिची नजर कोपऱ्यातल्या काउंटरवर गेली होती.

काउंटरवरचा पोरगा बाटलीतून मापानं ओतून देतो. रस, सोडा, बर्फ, लिंबाच्या फोडी समोर मांडलेल्या असतात, ज्यानं त्यानं आपल्याला हवं तसं मिसळून घ्यावं. मामी बाटल्यांची नावं वाचत नाही. “ते पिवळं दे थोडं. आन ते तपकिरी, त्याच्याहून थोडं. याच्या नावानं दे,” असं म्हणून माझ्याकडं बोट करते. पोरगा माझ्याकडं पाहतो, मी छताकडं पाहतो. मग मामी पिशवीतून स्टीलची डबी काढते. तिच्यात काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. ही डबी तपासणीवाल्या शिपायानं एकदा उघडून हुंगली होती. चार शिंका दिल्यावर त्यानं ती मुकाट्यानं परत केली.

तर मामी ग्लासात रस ओतते, बर्फ टाकते, चमच्यानं ढवळते. पहिलीच्या पोरांना शिकवतात तसं ग्लासाशी बोलते, “हं, आता चूप बस जरासा.” मग डोळे मिटून ग्लास नाकाखाली धरते. त्या वेळी तिला हाक मारायची नाही. मी एकदा मारली, तर म्हणाली, “थांब ना, वास घेऊन राहिली ना मी!” बराच वेळ ती तशीच बसते, पापण्यासुद्धा हलत नाहीत. मग मान हलवते. “नापास.”

अन्न टाकायचं नाही हा तिचा नियम. त्यामुळं नापास झालेला ग्लास शेजारच्या प्रवाशाच्या हातात जातो. नवं लग्न झालेली जोडपी, लॅपटॉपवर मान टाकलेले साहेब, सगळे घेतात. नाही म्हणायची सोय नसते, मास्तरीणबाईचा आवाज आहे तो. एक ग्लास संत्र्याच्या रसाचा होता. तो मामीनं पुन्हा पुन्हा हुंगला. “हा काठावर पास,” म्हणाली, “जवळ जवळ आलं होतं.” कशाच्या जवळ, ते मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा छंद, चालू द्यावा.

पण गंमत बघा. हीच मामी पांढुर्ण्यात दारूची कर्दनकाळ होती! तिची चाहूल लागली की मामाचे दोस्त मागच्या दारानं पळायचे. मामाची एक बाटली तिनं घरात पकडली आणि अंगणातल्या सीताफळाच्या बुडाशी रिकामी केली. त्या वर्षी मामा त्या झाडाची सीताफळं डोळे मिटून खायचा. त्यानंतर घरात बाटली आली नाही. मामानं आपली बैठक तिगावच्या वावरात हलवली. तिथं आमची संत्र्याची बाग आहे, विहिरीपाशी मोटारीची खोली आहे. मोठा झाल्यावर मीही कधीकधी तिथं मामाशेजारी बसायचो.

मामा गेला, त्यानंतर पांढुर्ण्याच्या घरात मामी एकटी.

मागच्या खेपेला विमान लेट झालं. किती लेट, कोणी सांगेना. दुपार ओसरत होती, हॉलमधली अर्धी माणसं झोपली होती. मामीनं एकामागून एक ग्लास नापास केले. शेवटी देण्यासारखं जागं माणूसच उरलं नाही, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन टेकली.

“विन्या, एक सांगशील? तू बसत होता त्याहिच्यासोबत. तुहे मामा काय पीत होते?”

मी दचकलो. म्हटलं, “आता कायले पाहिजे तुले, मामी?”

“संध्याकाळी वावरातून घरी येत, तवा एक वास येत होता. कडू, गोड, हिरवा. मी झोपल्याचं सोंग करून पडून राहत होती. तो वास आला की वाटे, आला माणूस घरी.” ती काचेकडं पाहत होती. “चेहरा फोटोत आहे. आवाज रश्मीच्या फोनमध्ये आहे. वास कुठून आणू? इतके ग्लास केले, जमूनच नाही राहिलं. आन आता तर मलेच नीट आठवून नाही राहिला रे. म्हणून घाई करून राहिली.”

मला माहीत होतं. मामा पीत होता साधी रम, विहिरीच्या पाण्यात. त्यात ना रस, ना सोडा. मात्र निघायच्या आधी संत्र्याची कोवळी पानं तोडायचा. मूठभर चावायचा, मूठभर हातांवर, मिशीवर चोळायचा. मग लुना अगदी हळू हाकायचा. “मास्तरीणबाईले पत्ता नाही लागला पाह्यजे,” म्हणायचा. मामीचा जन्म गेला शाळेत आणि स्वयंपाकघरात. संत्रं तिनं सोललेलं होतं, पान कधी चुरगळलं नव्हतं.

सांगावं की नाही? न सांगावं तर बिचारी जन्मभर ग्लास हुंगत बसेल. मी सांगून टाकलं.

मामीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे तो दारूचा वास नव्हताच?”

“नाही मामी. पानाचा होता.”

“मंग तो तं झाडावरच आहे.” ती हसली. पोरीसारखी हसली, तोंडावर पदर धरून. “इथं येऊन बर्फ ढवळून राहिली मी, आन वास तिगावले झाडावर!”

हसता हसता तिचे डोळे भरले. “मले ठाऊक होतं रे, पितात म्हणून. का नाही ठाऊक? मी वाट पाहत होती. वाटे, आज सांगतील, उद्या सांगतील. एक डाव रागावली असती, दोन डाव रागावली असती, मंग आपल्या हातानं करून दिलं असतं. त्या अंधारात, विहिरीपाशी, सापाकिरड्याचं कायले बसा लागत होतं? इतकी वाईट होती का मी?”

मी काचेकडं तोंड फिरवलं. खरं म्हणजे मला रडू येत होतं.

मामी उठली. काउंटरवरच्या पोराला म्हणाली, “रम दे.” पहिल्यांदाच नाव घेऊन मागितलं तिनं. त्यात साधं पाणी ओतलं, काही मिसळलं नाही, हुंगलंही नाही. ग्लास आणून माझ्यापुढं ठेवला.

“घे. माह्यासमोर पी.”

मामाची गोष्ट वेगळी, पण आमच्याकडं मोठ्यांसमोर घेत नाहीत. मी पन्नाशीला आलो, तरी माझ्या बापानं माझ्या हातात ग्लास पाहिलेला नाही. मी उगाच इकडंतिकडं पाहिलं, ग्लास उचलला आणि चोरासारखा घाईघाईनं तोंडाला लावला.

मामीनं शेंगदाण्याची बशी माझ्याकडं सरकवली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “सावकाश. भ्यायचं काम नाही. आपलंच घर आहे.”