मन्मथअप्पांच्या मनगटातली बाई

आमच्या कॉलनीतले देशमुख काका गेले, तेव्हा तिरडीला पहिला खांदा मन्मथअप्पांनी दिला. आम्ही तिरडी उचलली, मागे बायकांनी हंबरडा फोडला, आणि तेवढ्यात अप्पांच्या मनगटातून एक बाई शुद्ध हिंदीत म्हणाली, "वर्कआउट शुरू."

रडणारे थांबले. अप्पांनी मनगट बाहीत लपवलं, पण बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पाण्याच्या टाकीपाशी तिनं पहिला किलोमीटर जाहीर केला. स्मशानाच्या फाटकाशी तर "आपकी गति पिछली बार से कम है" असं ऐकवलं. मागच्या वेळी अप्पा नेमके कोणाला पोचवायला आले होते, याचा हिशोब करत सगळे आत गेले. परत येताना मी त्यांना गाठलं.

"अप्पा, आज तरी बंद ठेवायचं."

"सर, चालायचं तर हुतंच की. मग ते वाया कामून घालवायचं?"

मला सर म्हणतात, कारण मी लातुरात राहतो आणि कॉलेजात शिकवतो. न शिकवणाऱ्यांनाही इथं सरच म्हणतात. मन्मथअप्पा औसा रोडवरच्या आमच्या कॉलनीत माझे भिंतीला भिंत शेजारी. वय पासष्टीच्या आत-बाहेर. उभी हयात आडतीवर तूर आणि हरभरा हाताळण्यात गेली; आता दुकान मुलगा बघतो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा-पायजमा आणि पायात पोपटी रंगाचे स्पोर्ट शूज. नांदेडच्या जावयानं साठीशांतीला ते बोलणारं घड्याळ दिलं. जावयाचा हेतू चांगला होता, तेव्हा त्याला मी दोष देत नाही. फक्त तो आमच्या कॉलनीत राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

घड्याळ आलं आणि अप्पांचं स्वतःचं मत संपलं. त्या आधी ते मुनिमाचं, डॉक्टरचं, मठातल्या स्वामींचं, कोणाचंही ऐकत नसत. आता उठायचं केव्हा, पाणी प्यायचं केव्हा, वळायचं कुठं, हे सगळं बाई सांगते. "बाई म्हनायली" हे दोन शब्द पुढे लावल्याशिवाय अप्पांचं वाक्य सुरू होत नाही. "बाई म्हनायली, कालची झोप उथळ हुती." एखाद्या तहसीलदाराचा आदेश सांगावा तसं ते हे सांगतात.

त्यांची बायको महादेवीकाकू हे सगळं ओसरीवर तांदूळ निवडत ऐकत असतात. एकदा दोघांचं काहीतरी वाजलं, आणि अप्पांनी मध्येच मनगट पुढे केलं.

"बघ, तुझ्यासंगं बोलायलो तर ठोके एकशेबाराला गेले."

"माझ्यापायी कवातरी गेले म्हनायचं," काकू सुपातून मान न काढता म्हणाल्या.

पण काकूंचा खरा राग गोलाईच्या दिवसाचा. लातूरची गंजगोलाई म्हणजे मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले सोळा रस्ते. ज्या माणसानं चाळीस वर्षं या बाजारात डोळे मिटून ये-जा केली, त्या माणसानं काकूंना सराफ लाईनला नेण्यासाठी घड्याळात रस्ता लावला. बाई म्हणाली, गोल चौकातून पुढच्या रस्त्यानं बाहेर पडा. कुठल्या पुढच्या, हे तिलाच नक्की ठाऊक नव्हतं. अप्पा बाहेर पडले की ती म्हणे, "आप मार्ग से हट गए हैं." मग पुन्हा आत. भर उन्हात तीन फेऱ्या झाल्या. ओळखीचे दुकानदार गादीवरून उठून बघायला लागले. एकानं विचारलं, "अप्पा, देवीला प्रदक्षिणा बोललाव का?" चौथ्या फेरीत दोघं चपलांच्या बाजारात निघाले.

"चाळीस वरसं मी सांगायले, अवो हिकडून वळा," काकू नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या, "कवा मान वळवली न्हाई. अन् त्या सटवीनं सांगितलं तर चार चकरा."

अप्पांना मात्र त्यात काही गैर वाटलं नाही. आम्ही सकाळी फिरायला जाणारे पाचसहा जण चालता चालता राजकारण करतो, त्यावरही त्यांचा आक्षेप. "बोलल्यानं ठोक्यांचा झोन जातो," म्हणून ते आमच्यापुढे वीस पावलं चालत. चहाच्या गाड्यावर आम्ही बसलो की ते जागच्या जागी पाय आपटत उभे राहत, कारण बसलं की बाई व्यायाम थांबवते. त्या गाड्यावर अप्पांचे किस्से सांगणं हे माझं रोजचं काम होतं. मी ते चांगलं करतो असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते आवडायचं.

मग एका संध्याकाळी अप्पा फोन घेऊन माझ्याकडे आले. त्यांना घड्याळात एक रस्ता बसवायचा होता. त्यांच्या जुन्या गावच्या वेशीपासून त्यांच्या घरापर्यंत.

यात अडचण इतकीच की ते गाव नाही. किल्लारीच्या पलीकडचं त्यांचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. सरकारनं दोन-अडीच किलोमीटरवर नवं वसवलं, चौकटीच्या वहीसारखं सरळ. जुन्या गावठाणात दगडांचे ढीग आणि त्यांवर वेडी बाभूळ. आता पंचायत ती जागा सपाट करणार होती. दिवाळी झाली की जेसीबी लागणार. त्याच्या आत अप्पांना रस्ता पक्का करायचा होता. त्यासाठी ते सहा रविवार पहिल्या बसनं जाऊन आले होते. फोनवर त्या सहा फेऱ्यांच्या सहा रेघा होत्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. नकाशावर त्या जागी नुसती पांढरी पाटी होती, त्यावर कोंबडीनं उकरावं तसा हा निळा गिरगोटा.

"तिसरी गल्ली कुठं वळते तितंच घोळ हाय," अप्पा म्हणाले. "नव्या गावातले म्हातारे येक म्हनला हितं, तर येक म्हनला तितं. परवा त्यावरून दोघांची बोलचाल बंद झाली."

"अप्पा, घर नाही तिथं घराचा रस्ता कशाला?"

"घर पडलं म्हून जागा हलती का सर?"

दुसऱ्या दिवशी मी हे गाड्यावर सांगितलं. नसलेल्या गावातल्या नसलेल्या गल्लीत वळण शोधणारे अप्पा, आणि त्यांना "आप मार्ग से हट गए हैं" म्हणणारी बाई. मी बाईचा आवाजही काढला. लोक चहा सांडेपर्यंत हसले. अप्पा जरा लांब पाय आपटत उभे होते. त्यांना ऐकू आलं असेल.

सहांतली अप्पांना पटलेली रेघ मी घड्याळात बसवून दिली होती; दिवाळीला आठवडा असताना ती पारखायला सोबत चला म्हणून त्यांनी मला गळ घातली. मीच का, तर मी ते गाव कधी पाहिलं नव्हतं. "मी चाललो की पाय जुन्या सवयीनं वढतेत, घड्याळ ऱ्हातं बाजूला. ज्याला कायच ठाव न्हाई असा मानूस पायजे. तुमी पोचलाव तर रस्ता खरा." कायच ठाव नसलेला माणूस म्हणून माझी निवड झाल्याचं मला जरा लागलं. पण गाड्यावर महिनाभर पुरेल एवढा माल मिळणार होता, म्हणून मी हो म्हणालो.

रविवारी बसनं आणि पुढे जीपनं आम्ही पोचलो. वेशीचा एक खांब तेवढा उभा होता. त्यापुढे कमरेएवढं गवत, काटे, पांढरे दगड. सकाळचं ऊन होतं आणि सोयाबीन काढलेल्या रानातून वारा येत होता. तिथं कधी माणसं राहत असतील असं मुद्दाम सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

अप्पांनी घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं. घड्याळाखालची त्यांची कातडी पांढरी पडली होती. "बाई सांगती तसं जायचं. घरात एक खूण हाय. ती मी सांगत न्हाई. दिसली तर हाक मारा. मी हितून हालत न्हाई."

मला राहवलं नाही. "आणि चुकलो तर? शिरेन कोणाच्या तरी दुसऱ्याच घरात. इथं काय, सगळी सारखीच."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग वेशीच्या खांबाला हात लावून उभे राहिले.

"मी शिरलो हुतो सर."

मला कळलं नाही.

"इसर्जनासाठी लातुरात थांबलो हुतो. महादेवी बाळंतपनाला उदगीरला. घरात आई एकटी. पहाटं हादरलं, अन् कळलं तसा निघालो, येक ट्रक घावला, बाकी पळतच आलो. हितं आलो तर गल्लीच न्हाई. पांढऱ्या मातीच्या अन् दगडाच्या भिंती, दोन-दोन हात रुंद, समद्या गल्लीत पडलेल्या. सोताचं गाव, जलम गेलेला, अन् घर घावंना. अंदाजानं येका जागी बसलो अन् उपसाय लागलो. हातानंच. आई, आई करत. दुपार कलली तवा येक वळकीचा आला, म्हनला, मन्मथ, हे तर पाटलाचं घर हाय. पाटील समदे परवापासनं नांदेडला दवाखान्यात हायेत. रिकामं घर, सर. रिकामं घर उपसत बसलो हुतो."

"आणि आई?"

"तितून चौथं घर. सांजच्याला जवानांनी काढली." ते खांबावरची माती नखानं काढत म्हणाले. "समदे म्हनतेत, झोपेतच गेली आसंल, पहाटंच. म्हनतेतच. बघाय कोन हुतं."

 माझं तोंड ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं, ती गोष्ट मला त्या क्षणी घाण वाटली. गाड्यावर मी बाईचा आवाज काढला होता, तेव्हा हा माणूस वीस पावलांवर उभा होता, हेच डोक्यात फिरत राहिलं. अप्पांनी पुढे होऊन माझ्या मनगटावरचं बटन दाबलं आणि म्हणाले, "जावा."

मी निघालो. आयुष्यात इतक्या काळजीनं मी कोणाचं ऐकलं नाही. बाई सरळ म्हणाली की सरळ, उजवीकडे म्हणाली की उजवीकडे. काट्यात पायजमा अडकला तो ओढून काढला. एका ढिगाला वळसा घालताना ती "आप मार्ग से हट गए हैं" म्हणाली, तेव्हा मी तिथंच थांबलो. मी चार पावलं मागे आलो आणि ढिगावरून चढून गेलो. पुढं डावीकडे वळण आलं. तिसरी गल्ली असणार. तिथं वळण आहे असं दाखवणारं जमिनीवर काही नव्हतं, नुसता एरंड होता. मी वळलो. थोडं गेल्यावर मनगट दोनदा थरथरलं, आणि बाई म्हणाली की आपण पोहोचलो.

समोर गवतच होतं. मी पायानं ते चाचपडत फिरलो. इकडे दगड, तिकडे दगड. बाईवर कधी नव्हे तो माझा भरवसा बसला होता, आणि आता तीही खोटी निघते की काय असं वाटून मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागलो. दोनेक हात जागा मोकळी केल्यावर बोटं एका गोल काठाला लागली. जमिनीत बसवलेलं काळ्या दगडाचं उखळ. आत माती आणि पालापाचोळा भरलेला, पण काठ वापरून वापरून काचेसारखा गुळगुळीत. कोण्या बाईनं वर्षानुवर्षं त्यात कांडलं असेल तेव्हा तो तसा झाला असणार.

मी उभा राहून हात वर केला. अप्पा वेशीपाशी होते तिथंच होते, पांढऱ्या सदऱ्यामुळे लांबून दिसत होते.

"सापडलं अप्पा. उखळ आहे."

 तिकडून आवाज आला, "टाईम किती लागला?"

मी घड्याळ बघितलं. पोचल्या क्षणीच बाईनं वेळ थांबवली होती. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. अर्धा तास म्हणावं, तास म्हणावं; त्या दिवशी दुपारपर्यंत चुकीचं घर उपसलेल्या माणसाला तेवढंच बरं. पण ते येऊन घड्याळ बघणारच होते.

"चार मिनिटं," मी ओरडून सांगितलं.

 अप्पा हळूहळू वेशीच्या खांबाला टेकत खाली बसले, आणि गवतात मला दिसेनासे झाले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. खाली बसून उखळातली माती ओंजळीनं काढत राहिलो, ते येतील तेव्हा ते स्वच्छ असावं म्हणून.