आवक क्रमांक ४१२

'संगणकसुरक्षेच्या क्षेत्रात आज एकच नाव घेतलं जातं आणि ते घेताना मला स्वतःलाच संकोच होतो. समोरचा माणूस मी त्याच्या बुटांच्या नाड्यांवरून ओळखतो. गुन्हेगार मला पाहताच कबुली देतात. काही तर गुन्हा न करताच देतात.'

हा मजकूर आमच्या सरांनी स्वतःबद्दल स्वतः लिहून केबिनच्या दारावर चौकटीत लावला आहे. शुद्धलेखन मी तपासलं. खरेखोटेपणा तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सर आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचे सुरक्षा अधिकारी. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'तिसरा डोळा' म्हणतात. पहिले दोन काय करतात, असा प्रश्न कुणी काढत नाही.

मी त्यांची सहायक. रोज सकाळी नऊला सर्व्हरची खोली उघडायची, यंत्रावर लॉगिन करायचं, पडद्यावर आलेल्या सूचना बाजूला सारायच्या आणि मग दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, हे माझं काम. फळ्यावर लिहिलेलं असतं : 'यंत्र अखंड सुरू. दिवस इतके.' हा आकडा सरांचा जीव की प्राण. यंत्रावर त्यांच्या हातचा कागदही चिकटवलेला आहे : 'हे यंत्र बंद करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' अठरा तारखेला, मंगळवारी, मी आकडा लिहिला एक हजार दोनशे चौदा.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मला ती फाइल दिसली.

आमच्या यंत्रावर दोन प्रकारची खाती आहेत. साधी खाती आपापल्या कामापुरती चालतात. एक खातं मात्र सर्वाधिकाराचं. ते ज्याच्या हातात, त्याला जिवंत माणूस मृत दाखवता येतो आणि मृत माणसाला रांगेत उभं करता येतं. या सर्वाधिकाराच्या खात्यात कुणीतरी शिरून एक फाइल ठेवली होती. फाइलमध्ये एकच ओळ : 'इथपर्यंत कुणीही येऊ शकतं.' यंत्राची नोंदवही पाहिली तर वेळ अकरा चाळीस आणि खातं आवक-जावकच्या काकूंचं.

साध्या खात्याने सर्वाधिकारी होऊन बसावं, अशी एक खोट या यंत्रांच्या प्रणालीत आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. बनवणाऱ्यांनी तिची दुरुस्ती पाठवली होती आणि बावीस दिवसांपूर्वी मीच ती लावली होती. दहा मिनिटांचं काम. अहवालात मी 'दुरुस्ती लावली' असं लिहिलं, सरांनी खाली सही ठोकली. म्हणजे तो रस्ता बंद झाला होता. निदान अहवालात तरी झाला होता.

कार्यालयप्रमुख साहेबांना हे कळलं तेव्हा ते पांढरे पडले. चार वाजेपर्यंत नाव हवं, म्हणाले, ज्याचं असेल त्याला आजच निलंबित करून मुख्य कार्यालयाला कळवतो.

सरांनी खिशातून भिंग काढलं.

पहिला संशय पहारेकऱ्यावर. सर्व्हरच्या खोलीतली खुर्ची फार खाली आहे, तेव्हा गुन्हेगार बुटका असला पाहिजे, असा सरांचा तर्क. तो नीट समजावून सांगण्यासाठी ते त्या खुर्चीत बसले आणि बोलता बोलता हळूहळू खाली गेले. त्या खुर्चीचा पंप गेल्या वर्षीच बिघडला आहे. पहारेकरी सहा फुटांचा निघाला, त्यामुळे सरांनी त्याला नाइलाजाने सोडून दिलं.

मग परदेशी टोळी. फाइलमधल्या ओळीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि इतकं शुद्ध या कार्यालयात कुणी लिहीत नाही, हा पुरावा. परदेशातल्या लोकांना आपली भाषा इतकी चांगली कशी येईल, असं मी विचारलं. "तयारी करून आले असणार," सर म्हणाले.

तिसरा संशय तर थेट मृतांवर. चुकून मृत दाखवलेला एखादा माणूस सूड उगवत असेल, म्हणून मी सगळ्या मृतांची यादी काढावी आणि त्यांतले कोण कोण अकरा चाळीसला कुठे होते, याची चौकशी करावी. मी यादी काढली. साठ हजार नावं होती. एकाचाही ठावठिकाणा लागेना, आणि सरांना हे फार संशयास्पद वाटलं.

तोवर तीन वाजले होते. सर म्हणाले, आता जे उघड आहे त्याकडे वळू, आणि काकूंकडे वळले.

काकूंनी एकतीस वर्षं एकच काम केलं. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक द्यायचा, गेलेल्याला जावक. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि घरी अंथरुणाला खिळलेले काका होते. सरांनी त्यांना विचारलं, अकरा चाळीसला काय करत होतात? काकू म्हणाल्या, टपाल फोडत होते. सरांनी माझ्याकडे सूचक नजरेने पाहिलं आणि 'फोडत' हा शब्द टिपून घेतला.

निलंबनाचा आदेश मला टाइप करावा लागला. काकू रोज सकाळी माझ्या टेबलावर एक पेपरमिंटची गोळी ठेवतात. त्या दिवशीची अजून तशीच पडली होती. मला शरम वाटत होती आणि तरीही मी टाइप करत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

साहेबांची सही झाली. पण आमच्याकडे जावक क्रमांकाशिवाय एक चिठोराही दाराबाहेर जात नाही. त्यामुळे काकूंच्या निलंबनाचा आदेश क्रमांकासाठी काकूंच्याच टेबलावर आला. आम्ही तिघंही तिथेच उभे होतो. काकूंनी तो सावकाश वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी जावकची वही उघडली.

"संदर्भ काय टाकू?" त्यांनी विचारलं.

"कसला संदर्भ?" सर म्हणाले.

"प्रत मुख्य कार्यालयाला चाललीय. त्याच विषयावर त्यांचं शेवटचं पत्र कुठलं, त्याचा आवक क्रमांक लागतो. संदर्भ नसेल तर मी क्रमांक देत नाही. माझा स्वतःचा कागद असला म्हणून काय झालं?"

असं पत्रच आलेलं नाही, असं सरांनी ठामपणे सांगितलं. काकूंनी आवकची वही ओढली आणि बोट वरून खाली आणलं. आवक क्रमांक चारशे बारा. तारीख नऊ. मुख्य कार्यालय, सुरक्षा विभाग. शिक्का, गोपनीय. पोच म्हणून सरांची सही, वळणदार. पुढचा कार्यवाहीचा रकाना कोरा.

"काय आहे त्या पत्रात?" साहेबांनी विचारलं.

"गोपनीय आहे, साहेब."

"ते कळलं. पण आहे काय?"

"गोपनीय पत्र मी उघडत नाही. तिजोरीत ठेवतो," सर म्हणाले. "उघडलं तर ते गोपनीय कसं राहील?"

तिजोरीतून बंद पाकिटं निघाली, एकूण अकरा. चारशे बारा सर्वांत वर होतं. साहेबांनी ते फोडून मोठ्याने वाचलं. अठरा तारखेला सकाळी अकरा चाळीस वाजता सर्व कार्यालयांच्या यंत्रांवर चाचणी घेण्यात येईल. चाचणी त्या कार्यालयातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या खात्यावरून होईल. चाचणीची आज्ञा सोबत जोडली आहे. दुरुस्ती लावून यंत्र पुन्हा सुरू केले असल्यास आत शिरता येणार नाही. शिरता आल्यास तशी एक ओळ ठेवली जाईल.

'पुन्हा सुरू' हे शब्द ऐकले आणि चूक कुणाची ते मला कळलं. रोज सकाळी मी बाजूला सारते त्या सूचनांत बावीस दिवस एक ओळ सगळ्यांत वर येत होती : 'दुरुस्ती लागू होण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करा.' ती मी बावीस वेळा सारली आणि बावीस वेळा फळ्यावर आकडा वाढवला. नवा सदरा शिवून कपाटात ठेवला होता आणि यंत्राच्या अंगावर फाटकाच होता. हे मी तिथल्या तिथे साहेबांना सांगितलं. काकूंकडे बघायची हिंमत झाली नाही.

"मग आता करा पुन्हा सुरू," साहेब म्हणाले.

सर यंत्रासमोर गेले, स्वतःच्याच हस्ताक्षरातला कागद वाचत उभे राहिले आणि त्यांचा हात काही पुढे होईना. शेवटी मीच आज्ञा दिली. यंत्र चार मिनिटं बंद होतं. बाहेर खिडकीपुढे तीस माणसांची रांग होती आणि एकालाही काही वेगळं वाटलं नाही. कारकून चहाला गेला असेल, असं समजून सगळे शांत उभे राहिले.

मग काकूंच्या खात्यावरून मी तीच चाचणी पुन्हा करून पाहिली. पडद्यावर उमटलं, 'परवानगी नाही.'

"एकतीस वर्षांत हे वाचून आज पहिल्यांदा बरं वाटतंय," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

सर घसा खाकरून म्हणाले, "काकू, माझा तुमच्यावर संशय कधीच नव्हता."

काकूंनी आदेशाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "मग यावर 'रद्द' लिहा. तारीख घाला. पूर्ण सही करा, नुसती आद्याक्षरं नकोत."

सरांनी लिहिलं. अहवाल माझ्याकडे आला. त्यात मी लिहिलं की दुरुस्ती लावली होती, यंत्र पुन्हा सुरू केलं नव्हतं, चूक माझी. सरांनी खाली एक वाक्य वाढवलं : 'गुन्हेगार माझ्याच तिजोरीत सापडला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूचना एकेक करून वाचल्या, आणि फळ्यावर आकडा लिहिला, एक. पेपरमिंटची गोळी टेबलावर होती.

दहाच्या टपालात पुन्हा एक पाकीट आलं. मुख्य कार्यालय, गौरव विभाग, गोपनीय. काकूंनी त्याला आवक क्रमांक घातला, स्वतः सरांच्या केबिनमध्ये नेलं आणि ते फुटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. सरांनी वाचलं. सर्वाधिक काळ एकदाही बंद न करता यंत्र चालवल्याबद्दल आपल्या कार्यालयाची यंदाच्या प्रथम पुरस्कारासाठी निवड झाली आहे. फळ्यावरील आजच्या आकड्याचे छायाचित्र उलटटपाली पाठवावे.

सरांनी दारातून फळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पत्राची घडी घातली, ते तिजोरीत ठेवलं आणि किल्ली दोनदा फिरवली.

"गोपनीय आहे," ते म्हणाले.

काकूंनी वही उघडली आणि कार्यवाहीच्या रकान्यात लिहिलं : 'उघडले. वाचले.'