एकोणीस मिनिटांवरची अक्का

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि त्याला सदानकदा उशीर झालेला असायचा. त्याचं नाव रंगनाथ. मुलांनो, साळिंदराला कसली आलीय घाई, असं तुम्ही विचाराल. मुळं उकरायची, खायची आणि बिळात जाऊन पडायचं. पण घाई कामावर अवलंबून नसते, ती स्वभावात असते. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. नसेल तर ते तुम्हीच असाल.

रंगनाथला एक थोरली बहीण होती, द्वारकाक्का. ती लग्न होऊन दोन डोंगर आणि एक नदी ओलांडून पलीकडच्या रानात गेली होती. आई लवकर गेल्यामुळे रंगनाथला अक्कानेच वाढवलं. कुठलं मूळ गोड, कुठलं कडू, काटे कधी उभे करायचे आणि कधी मिटायचे, हे सगळं तिने शिकवलं. रंगनाथचा जीव होता तिच्यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येईल.

दर भाऊबीजेला रंगनाथ चालत अक्काकडे जायचा. बरोबर शेजारचा भिकाजी मुंगूस असायचा. भिकाजीला पलीकडच्या रानातल्या बाजारात मध विकायचा असे. दोघे गप्पा मारत, वाटेत आवळे खात दोन दिवसांनी पोचायचे. अक्का अंगणात पाट मांडून बसलेली असायची. पाटाभोवती रांगोळी, ताटात निरांजन, आणि डबाभर करंज्या. ती ओवाळायची, रंगनाथ तिला लुगडं द्यायचा, आणि मग दोघं भावंडं तेच ते जुने किस्से सांगून पोट धरधरून हसायची.

एका वर्षी परत येताना रंगनाथच्या पायाला फोड आला. फोड आला की विचारही येतात. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. दर वर्षी चार दिवस नुसते पाय उचलण्यात जातात. हे चार दिवस वाचले तर केवढी कामं होतील, असं त्याला वाटलं. कुठली कामं, ते त्याने ठरवलं नव्हतं.

त्याच सुमारास माणसांच्या तळावरून एक चोपडी वाऱ्याने उडत आली. घरच्या घरी विमान कसं बांधावं, याची ती चोपडी होती. तिच्यात दोन नकाशे होते. पहिलं विमान रुंद पंखांचं, सावकाश उडणारं. ते म्हणे कुणाच्याही परसात उतरायचं. पण त्याने अक्काच्या घरापर्यंत दीड तास लागला असता. रंगनाथने ते पान वाचूनही पुरं केलं नाही. दुसरं विमान आखूड, निमुळत्या पंखांचं होतं. त्याने हिशेब केला, एकोणीस मिनिटं. ते वाचताना त्याचे सगळे काटे आनंदाने उभे राहिले.

फावल्या वेळात एका हंगामात विमान तयार होतं, असं चोपडीत लिहिलं होतं. चोपड्या लिहिणाऱ्यांकडे फावला वेळ फार असतो. रंगनाथला अकरा वर्षं लागली.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा झाला. टाकून दिलेले डबे ठोकून ठोकून पत्रा झाला. पुरात वाहून आलेलं पाण्याच्या पंपाचं इंजिन मिळालं, पण ते मोहाच्या दारूशिवाय चालेना. त्यावर अस्वलांनी मोर्चा काढला. मोह पिण्यासाठी आहे, जाळण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची समजूत काढण्यात दोन वर्षं गेली. बैठकीचा तर निराळाच घोळ झाला. रंगनाथ मऊ गादीवर बसला की त्याचे काटे गादीत रुतायचे आणि उठताना गादीही उठायची. चौदा गाद्यांच्या चिंध्या झाल्यावर त्याने सरळ एक लाकडी पाट ठोकला.

आणि दर भाऊबीजेच्या आधी भिकाजी मधाची मडकी बांधून दारात उभा राहायचा. निघायचं ना, असं विचारायचा. रंगनाथ हातातला हातोडा खाली न ठेवता सांगायचा, "यंदा नाही जमायचं रे. अक्काला सांग, पुढच्या वर्षी उडतच येतो."

पहिल्या वर्षी हा निरोप ऐकून अक्का हरखून गेली. भाऊ विमान बांधतोय म्हणून तिने आळीभर सांगितलं. मग संध्याकाळी तिने चंद्राला ओवाळलं. मुलांनो, भाऊबीजेला भाऊ आला नाही तर बहिणीने चंद्राला ओवाळायचं असतं. बीजेचा चंद्र म्हणजे एक बारीकशी कोर, पण जिला कुणी भाऊ नाही तिचा तो भाऊ. आणि जिचा भाऊ विमान बांधतोय तिचाही. अक्काने त्याला दहा वर्षं ओवाळलं.

अकराव्या वर्षी विमान तयार झालं, आणि मग उड्डाण खात्याचे साहेब तपासणीला आले. साहेब होते माळढोक. अंगाने भारदस्त, आणि बढती मिळाल्यापासून ते स्वतः उडाले नव्हते. ते चालतच आले. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, चाकाला पायाने टोचून पाहिलं आणि सावलीत बसून अर्ज भरायला घेतला.

"उडण्याचं कारण?" त्यांनी विचारलं.

"खासगी प्रवास. बहिणीकडे जायचंय, साहेब. भाऊबीजेला."

"उडणार कुठून?"

इथे रंगनाथची छाती फुगली. आपल्या बिळामागचा माळ त्याने स्वतः साफ केला होता, दगड वेचून, काटेरी झुडपं उपटून. दोरी धरून तीनदा मोजला होता. बरोबर बाराशे पावलं. एवढ्या वेगाच्या विमानाला चढायला आणि उतरायला एवढी जागा लागतेच, हे त्याने साहेबांना समजावूनही सांगितलं. साहेबांनी मान डोलावली.

"आणि तिकडे उतरणार कुठे?"

"अक्काच्या अंगणात."

"लांबी?"

रंगनाथने डोळे मिटून अक्काचं अंगण आठवलं. दोन दिवस चालून, पायांचे तुकडे पडलेले असताना, अक्काच्या फाटकातून आत शिरायचं. समोर ओट्यावर अक्का दिसते आहे, करंज्यांचा वास येतो आहे, आणि मधलं अंगण काही केल्या संपत नाही. केवढं मोठं अंगण ते.

"पुष्कळ," तो म्हणाला.

साहेबांनी रकान्यात 'पुष्कळ' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

त्या वर्षी भिकाजी दोन दिवस आधी एकटाच निघाला. पण या वेळी निरोप वेगळा होता. अक्काला सांग, पाट मांडून ठेव, मी येतोय.

भाऊबीजेच्या दिवशी, उन्हं कलताना, रंगनाथने नवं लुगडं मांडीखाली ठेवलं आणि इंजिन सुरू केलं. मोहाचा वास सुटला. अस्वलांनी डोळे पुसले. विमान माळावरून धावलं, धावलं आणि उठलं.

आता खरं सांगायचं तर, मुलांनो, तो आनंद काही खोटा नव्हता. रंगनाथ जन्मभर जमिनीला नाक लावून जगला होता. त्याने पहिल्यांदाच आपलं जंगल वरून पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. ज्या नदीत त्याचे पाय दर वर्षी लटपटायचे ती खाली सुतळीएवढी पडली होती. पहिला डोंगर चार मिनिटांत मागे गेला. तो मोठमोठ्याने हसला. अकरा वर्षांचे घाव, पत्र्याने कापलेली बोटं, सगळं वसूल झालं असं त्याला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. मलाही.

अठराव्या मिनिटाला पलीकडचं रान आलं. एकोणिसाव्या मिनिटाला अक्काचं घर आलं आणि गेलं.

रंगनाथला पहिल्या खेपेला नुसतं छप्पर दिसलं. एवढ्या वेगात विमान वळवायचं तर वळणही तेवढंच मोठं घ्यावं लागतं. शेजारच्या अख्ख्या डोंगराला वळसा घालून तो परत आला. या वेळी त्याने अंगण नीट पाहिलं. ते चाळीस पावलांचं होतं. मधोमध जांभळाचं झाड होतं.

झाड तर पहिल्यापासून तिथेच होतं. रंगनाथ दर वर्षी त्याच्याच सावलीत बसून करंज्या खायचा. पण सावलीत बसणाऱ्याला झाड आड येत नाही.

आणि त्याला अक्का दिसली. ती पार वाळून गेली होती. काटे पांढरेफटक झाले होते. हातात ताट घेऊन ती पाटाजवळ उभी होती, आणि विमान जिकडे निघून गेलं होतं तिकडे तोंड करून बघत होती. रंगनाथने वरून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती त्याची त्यालाही ऐकू आली नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने लुगडं खाली टाकलं. ते जांभळाच्या शेंड्याला अडकलं. तेवढ्यात इंजिनाने आचका दिला. मोह संपत आला होता. चौथी फेरी मारली असती तर घर गाठता आलं नसतं. रंगनाथने दात-ओठ खाल्ले आणि विमान घराकडे वळवलं.

इकडे माळावर सगळं जंगल जमलं होतं. विमान उतरताच किती वेळ लागला म्हणून एकच गलका झाला. जायला एकोणीस, यायला अठरा, वारा मागून होता, असं रंगनाथने सांगितलं. टाळ्या थांबेनात. अक्का कशी आहे, हे कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. शाल, नारळ, आणि वाघाच्या हस्ते मानपत्र. माळढोक साहेबांनी आपल्या खात्याची मान उंचावल्याचं सांगितलं. रंगनाथ आभाराचं बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की अंतर आता उरलेलंच नाही.

तीन दिवसांनी भिकाजी परतला. त्याने खांद्यावरची पुरचुंडी सोडून रंगनाथपुढे ठेवली. आत करंज्या होत्या.

रंगनाथने खाली मान घालून विचारलं, "रागावली का रे?"

"नाही. ओवाळलं की तिने तुला. तीनदा. आवाज जिकडून येईल तिकडे ताट फिरवत होती."

"तिला दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. तू कधी विचारलंच नाहीस. बीजेची कोर काही दिसायची नाही, नुसत्या अंदाजाने ओवाळायची. म्हणाली, यंदा निदान आवाज तरी होता. आणि म्हणाली, चंद्र कधी माझ्यासाठी मागे फिरला नाही. रंगू तीनदा फिरला."

रंगनाथने करंजी उचलली, पण ती त्याच्या तोंडापर्यंत जाईना.

"आणखी एक विचारलंय तिने," भिकाजी म्हणाला. "अंगण अपुरं पडलं असेल तर माझंच चुकलं, म्हणाली. त्याला विचार, किती लागतं."

मग मात्र रंगनाथ ढसाढसा रडला. काटे पाडून, लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि शपथ घेतली की काय वाटेल ते होवो, आता अक्काच्या पाटावर बसायचं म्हणजे बसायचं.

भिकाजीला फार बरं वाटलं. "मग पुढच्या वर्षी चल माझ्याबरोबर. दोन दिवसांत तर पोचतो आपण."

रंगनाथने त्याच्याकडे बघितलं. त्याला भिकाजीची कीव आली.

"चालत? जाऊन-येऊन चार दिवस मोडतात, भिकाजी. एवढा वेळ कुठून आणू मी?"

असं म्हणून त्याने ती जुनी चोपडी काढली आणि अकरा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेलं पान उघडलं. रुंद पंखांचं विमान. कुणाच्याही परसात उतरणारं. आता हात बसलेला आहे, आठ वर्षांत होईल, फार तर नऊ, असं त्याने बोटांवर मोजून सांगितलं. मग हातोडा शोधायला उठला.

भिकाजीने दारातून विचारलं, "मग अक्काला काय सांगू?"

"सांग, उडतच येतो."

जांभळाच्या शेंड्यावर ते लुगडं अजून फडफडतं. वारा कुठला आहे हे रंगूला वरून कळायला उपयोगी पडेल म्हणून अक्काने ते काढू दिलेलं नाही. ती रोज सकाळी अंगणाच्या कडेला बसते, चाचपडत दगड वेचते आणि कुंपण थोडं मागे सरकवते. आतापर्यंत अंगण त्रेचाळीस पावलं झालं आहे.

तात्पर्य : मुलींनो, सासर पसंत करताना माणसं कशी आहेत ते बघत बसू नका. अंगण मोजून घ्या. ते बाराशे पावलांपेक्षा कमी भरलं, तर भावाला बोल लावायचा नाही.