बिघडलेल्या घड्याळाचा अहवाल

शरीर सुदृढ असेल तर मन सुदृढ राहतं, आणि दोन्ही आपापल्या जागी राहावीत म्हणून शाळेत क्रीडादिन असतो.

क्रीडाशिक्षक सर हे काम वीस वर्षं मनोभावे करत होते. मुलांसाठी धावणं, उंच उडी, गोळाफेक. मुलींसाठी लिंबू-चमचा आणि सुईत दोरा ओवणं. गेल्या अकरा वर्षांत मुलींचं लिंबू पडण्याचं प्रमाण त्रेचाळीस टक्क्यांवरून नऊवर आलं होतं. (मुलांचे आकडे उपलब्ध नाहीत, त्यांच्या हाती चमचा देण्याचं धाडस कोणी केलेलं नाही.)

यंदा दोनशे मीटरला ऐन वेळी एका मुलाचा पाय मुरगळला. आखलेली पट्टी रिकामी राहू नये, चुना फुकट जाऊ नये, म्हणून सरांनी लिंबू घेऊन उभ्या असलेल्या खारूला तिथे उभं केलं. तिचा सख्खा दादा शेजारच्याच पट्टीत होता. पहिल्या येणाऱ्याला आंतरशालेय स्पर्धेत शाळेची एकुलती एक जागा मिळणार होती.

खारू एकतीस सेकंदांत पहिली आली. दुसऱ्या आलेल्या दादाला चौतीस लागले. सरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. दादाला तीनदा पळवलं. तिन्ही वेळा चौतीस. खारूला तीनदा पळवलं; तिन्ही वेळा एकतीस. अहवालात नमूद झालं, की सदर घड्याळ मुलगे धावताना बिनचूक चालतं, मुलगी धावू लागताच बिघडतं. सबब मुलींसाठी वापरू नये. जागा दादाला मिळाली.

"सर, घड्याळ बिघडू दे. पण मी त्याच्या पुढे होते ना?" खारूने विचारलं.

"होतीस गं. पण त्याची नोंद कुठंय?"

तिचे डोळे भरून आले. सरांनाही फार वाईट वाटलं. (वाईट वाटायला नियमात मनाई नव्हती.)

संध्याकाळी सर दादाचं अभिनंदन करायला घरी गेले. दादा खुर्चीत पाय पसरून गुडघे चोळत होता. खारू भिंतीला टेकून बसली होती.

"सर आलेत, दादाही दमलाय. पाणी आण गं!" आई आतून म्हणाली.

"मला गार," दादा म्हणाला.

सवयीने सरांच्या अंगठ्याने खिशातलं घड्याळ सुरू केलं. दिवसभरात चार वेळा दोनशे मीटर धावलेली मुलगी उठली, आत गेली आणि ट्रे घेऊन समोर उभी राहिली. अकरा सेकंद. काठोकाठ भरलेल्या दोन पेल्यांतला एकही थेंब सांडला नव्हता. लिंबाचा सराव वाया गेला नव्हता म्हणायचा. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पाणी प्यायलं. या खेपेला त्यांना घड्याळाची मुळीच शंका आली नाही.

आपल्याला हे वाचून हसू आलं असेल, तर बसल्या जागेवरून एकदा पाणी मागून पाहा. नाव घ्यायची गरज नाही. कोण उठणार, हे आपल्याला हाक मारायच्या आधीच ठाऊक आहे.